शेवटच्या ओळीतलं नाव

पत्रिकेत माझं नाव चांगलं मोठ्या टायपात होतं, तरी नजर आधी तळाशी गेली. ही सवय पस्तीस वर्षांची आहे. कुठलाही छापील कागद हातात आला की मी तो खालून वाचायला घेतो, कारण वर काय असतं ते मला पाठ असतं आणि गोंधळ नेहमी खाली असतो. वर लिहिलं होतं की श्री चिन्मूर्ती संस्थानाच्या वार्षिक उत्सवात संस्थानाचे माजी जनसंपर्क अधिकारी श्री. गंगाधर देवपुजारी यांना ‘धर्मसंवाद जीवनगौरव’ अर्पण करण्यात येईल. त्याखाली महाराजांचं नाव, त्याखाली अध्यक्षांचं, आणि अगदी कडेला, फुलांच्या वेलबुट्टीत अर्धं बुडालेलं : शाल-श्रीफळ, श्रीमती विमलाबाई, बीरगांव, यांच्या हस्ते. मी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर. चहा टेबलावरून माझ्या मांडीवर आला तेव्हा कळलं. रमा आतून फडकं घेऊन आली. “सत्काराची पत्रिका आली अन् तोंड असं काहून केलं तुमी? कवाचे त्या कागदाकडे पाहून राहिले.” मी म्हटलं, भाजलं. ती म्हणाली, “त्यात भाजन्यासारखं काय आहे, चहा तर कवाच थंडा झाला.” एकेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला एकदाही खोटं नीट बोलू दिलेलं नाही. तरी विमलाबाई कोण, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही.

सत्कार म्हणजे काय हे रायपुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तो धंदाच माझा. संस्थानात लागलो तेव्हा तिथे नुसता कारकून होतो. हिंदी वर्तमानपत्रांना बातम्या लिहून द्यायला कुणी नव्हतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी माणसाची हिंदी बरी निघाली म्हणून माझ्याकडेच राहिलं. पुढे त्याला जनसंपर्क असं भारदस्त नाव पडलं. महाराज काय बोलले यापेक्षा ते काय बोलले असं छापून यावं, हे ठरवणं म्हणजे धर्मसंवाद. चौथ्या-पाचव्या वर्षी आमच्या भोंग्यांविरुद्ध एक मास्तर वर्तमानपत्रात पत्रं लिहायला लागले. दर आठवड्याला एक. तेव्हाचे सचिव रामकृष्णजी, सदर बाजारात ज्यांची सोन्याचांदीची पेढी आहे ते, मला म्हणाले, “गंगाधर, याचं काही कर.” मी मास्तरांचा सत्कार केला. ‘साहित्यसेवा सन्मान’, मी तिथल्या तिथे बनवलेला. मानपत्र मीच लिहिलं, फ्रेम गोल बाजारातून करून आणली. मास्तर स्टेजवर रडले, आणि त्यांचं पत्र पुन्हा कधी छापून आलं नाही. तेव्हापासून आमची रीत पडली : कुणी आवाज चढवला की त्याच्या खांद्यावर शाल. लोकांना वाटायचं संस्थान किती मोठ्या मनाचं आहे. एकेचाळीस सत्कार माझ्या हातून झाले, त्यातले निम्म्याहून जास्त या खात्यातले. जुन्या सत्कारमूर्तीच्या हातून नव्याला शाल, ही प्रथाही माझीच, फोटो चांगला येतो म्हणून काढलेली. आता सांगा, अशा माणसाला घरी पत्रिका आली तर तो काय आनंदानं नाचेल? मी पहिला विचार हाच केला की मी असं काय बोलायच्या बेतात आहे, जे यांना थांबवायचं आहे? आणि दुसरा विचार, जो खरं तर पहिल्याच्या आधी आला होता, तो विमलाबाईंचा.

तिचा नवरा धर्मपाल मंडपवाला होता. टेंटच्या ठेक्यात काम करायचा, बीरगांवहून सायकलनं यायचा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एक पाळी करून. एकोणीस वर्षांपूर्वीच्या चैत्रातल्या उत्सवाला तो बांबूवर चढून झालर बांधत होता आणि मी खाली खुर्चीत बसून संध्याकाळची बातमी लिहीत होतो. म्हणजे त्या संध्याकाळची, जी अजून व्हायची होती. यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. धार्मिक बातम्यांचं पान पाचला बंद व्हायचं आणि आमचा कार्यक्रम सहाला सुरू व्हायचा, तेव्हा बातमी चारला स्कूटरवरून पोचवल्याशिवाय गत्यंतर नसे. महाराजांनी काय सांगितलं, भाविक कसे मंत्रमुग्ध झाले, सगळं दुपारीच होऊन जाई. शेवटी ठरलेली दोन वाक्यं. एक, कार्यक्रम शांतिपूर्वक संपन्न हुआ. आणि दुसरं, कार्यक्रम को सफल बनाने में अमुक, तमुक का विशेष योगदान रहा. या अमुक-तमुकांत विश्वस्तांच्या बायका, सुना, झालंच तर पेढीचा मुनीम. धर्मपाल वरून डोकावून म्हणाला, “क्या लिख रहे हो भैया?” मी सांगितलं. तो हसला. “कभी हमारा भी नाम डाल दो न. हमारे खानदान में किसी का नाम नहीं छपा.” ऊन रणरणत होतं, माझा मूड बरा होता, मी यादीच्या अगदी शेवटी लिहिलं : तथा धर्मपाल. त्याला वाचूनही दाखवलं. तो तसाच बांबूला धरून दोनदा म्हणाला, तथा धर्मपाल, तथा धर्मपाल. मग मी निघालो.

परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. कूलरच्या पाण्यानं स्टेजमागची जमीन चिकचिकीत झाली होती, तिथे एक लोखंडी खांब, त्यावरून दिव्यांची वायर गेलेली. मी माइक बघत होतो, मनगटावरचं घड्याळ सारखं पाहत होतो, कारण आरती सहाच्या ठोक्याला हवी होती. धर्मपालनं खांबाला हात लावला. आवाज असा काही झालाच नाही. तो बसला, असं मला वाटलं, थकून बसतात तसा. मी घड्याळात पाहिलं. का पाहिलं कुणास ठाऊक. मेन स्विच बंद केला गेला, पालथा पडलेला धर्मपाल सरळ केला गेला, आणि मी चार पावलांवर उभा होतो, हातात माइक. त्याचे डोळे उघडे होते. ओठ हलले असंही मला कधी कधी वाटतं आणि कधी कधी वाटत नाही. रामकृष्णजींनी जीप मागच्या फाटकाला लावायला सांगितली. आरती सहाला झाली. आठ हजार माणसं होती, महाराज छानच बोलले, जवळजवळ मी लिहिलं होतं तसंच. दवाखान्यात त्याची नोंद ‘रस्त्यावर बेशुद्ध सापडलेला अनोळखी’ अशी झाली, आणि रात्री तो घरी आला नाही म्हणून चौकशी झाली तेव्हा पोलिसांना संस्थानानं कळवलं की धर्मपाल नावाचा माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. हे वाक्यसुद्धा मीच लिहून दिलं. वाक्यं लिहिणं हे माझंच काम होतं. पान पाचला बंद झालं तरी छपाई रात्री सुरू व्हायची; वर्तमानपत्राला फोन करून बातमी मागे घ्यायला माझ्या हाताशी दोन तास तरी होते. मला ते सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. सकाळी पेपर उघडला, खालून वाचायला घेतला, आणि सगळ्यात आधी दिसलं : तथा धर्मपाल.

मी पेपर घेऊन पेढीवर धावलो होतो. रामकृष्णजींनी चष्मा लावून पाहिलं आणि पेपर परत दिला. “कोन वाचते शेवटची ओळ?” ते म्हणाले. खरंच कुणी वाचली नाही. पोलिसांनी नाही, कुणीच नाही. फक्त विमलाबाई तीन दिवस फाटकाशी येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती बसून राहायची, येणारेजाणारे भाविक तिच्याकडे पाहायचे. मग रामकृष्णजी म्हणाले, गंगाधर, याचं काही कर. पुढच्याच कार्यक्रमात ‘मातृशक्ती सन्मान’. पत्र द्यायला मी स्वतः बीरगांवला गेलो होतो. दारात उभं राहून तिला वाचून दाखवलं, ‘कठिन परिस्थिति में धैर्य का परिचय’ वगैरे. तिनं पत्र घेतलं आणि विचारलं, “आना ज़रूरी है क्या?” मी म्हटलं, हो. ती आली, शाल घेतली, गेली. त्यानंतर ती फाटकाशी कधी दिसली नाही. रीत लागू पडली.

आणि आता तीच बाई मला शाल घालणार. तिचं नाव आपोआप कसं येईल तिथे? कुणीतरी घातलं असणार. मी एकेकाला मनात उभं करून पाहिलं. पहिली संपदा. माझ्या खुर्चीवर आता ही नागपूरची पोरगी आहे, जनसंपर्काची पदवी घेतलेली, गळ्यात ओळखपत्र. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता, “सर, तुमच्या जुन्या कात्रणांची फाइल मिळेल का? प्रदर्शन लावून राहिलो आपण.” मी सांगितलं, वाळवीनं खाल्ली. फाइल माळ्यावर आहे, शाबूत, फक्त त्या चैत्राचं पान नाही त्यात. तेव्हाच मला वास आला होता. कात्रणं कशाला हवीत हिला? हल्लीची पोरं माहिती मागवतात, अर्ज टाकतात, कुठून कुठून नोंदी काढतात. तिनं धागा धरला असेल आणि आता तो भर मंडपात ओढणार असेल. मग वाटलं, नाही, यात रामकृष्णजीच. ते आता अध्यक्ष आहेत, ऐंशी ओलांडली आहे; जाण्याआधी सगळं माझ्या गळ्यात बांधून मोकळं व्हायचं असेल. मी दुसऱ्याच दिवशी सदर बाजारात गेलो. स्कूटरवाल्यांच्या गर्दीतून पायी, कारण गुडघे आता स्कूटर झेपू देत नाहीत. पेढीवर ते गादीला टेकून बसले होते. “या, सत्कारमूर्ती!” म्हणाले. मी सरळ विचारलं, विमलाबाईंचं नाव कुणी सुचवलं? त्यांनी माझ्याकडे नितळ डोळ्यांनी पाहिलं. “कोनती विमला बा?” मी म्हटलं, बीरगांवची. धर्मपालची बायको. “हव, असंल,” ते म्हणाले, “आपल्या इथून किती जनाले शाली गेल्या. तुले लस्सी सांगू?” मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. पापणी लवते का, बोट थांबतं का. काहीच नाही. इतकं साफ विसरणं सरावाशिवाय जमत नाही, असं म्हणत मी परत आलो. लस्सी प्यायलो, ते वेगळं.

पुढचे आठ दिवस मी कुणावरच विश्वास ठेवला नाही. रमानं विचारलं, “कोनती शर्ट इस्तरी करू?” तर मला वाटलं हिलाही काहीतरी कळलं आहे आणि ती मला कामात गुंतवून ठेवते आहे. फोन वाजला की मी आधी वाजू द्यायचो. न जायचे बहाणे शोधले : ताप, गुडघे, पुण्याला मुलाकडे जाणं. पण न गेलो तर ती तिथे बोलेल आणि मी समोर नसेन, हे त्याहून वाईट. तिच्याकडे ते पान असणार, याबद्दल मला शंका नव्हती. जे पान माझ्या फाइलीत नाही ते तिच्याकडेच असणार. कामावर आलाच नव्हता, असं संस्थानाचं लेखी निवेदन, आणि त्याच तारखेला त्याच संस्थानाच्या बातमीत त्याचं नाव. दोन्ही माझ्या हातचं. एकोणीस वर्षं तिनं वाट पाहिली असेल या खुर्चीत मी बसण्याची. मी असतो तर पाहिली असती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी संपदानं व्हॉट्सॲपवर प्रेस नोट पाठवली. ‘सर, एक बार देख लीजिए.’ मी खालून वाचली. शेवटी, कार्यक्रम शांतिपूर्वक संपन्न हुआ. त्याच्या वर माझं उत्तराचं भाषण होतं, जे मी अजून द्यायचो होतो : ‘सत्कारमूर्ति ने भावविभोर होकर कहा कि यह सम्मान मेरा नहीं, महाराज जी के चरणों का है.’ हे वाक्य मी एकेचाळीस जणांच्या तोंडी घातलेलं. आता ते माझ्या तोंडात होतं आणि मला त्याची चवसुद्धा ओळखू येत होती. मी ती पुन्हा एकदा वरून वाचली. खोडायला काही नव्हतं. नोट उत्तम होती. मी ‘ठीक’ लिहिलं.

मंडपात पोचलो तर संपदा धावत आली, पायाच पडली. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, खरं सांग, विमलाबाईंना का बोलावलंस? काय काढलंस तू? ती गोंधळली. “काढलं म्हणजे? सर, तुमचीच प्रथा ना, जुन्या सत्कारमूर्तीच्या हातून? रजिस्टरमध्ये एक्केचाळीस नावं होती. मी सगळ्यांना लावले फोन. बरेचसे वारले, काहींचे नंबर बंद. एक मास्तर आहेत, त्यांना ऐकूच येत नाही. मग या बाई भेटल्या, त्या हो म्हणाल्या.” मी विचारलं, आणि मी? माझंच नाव का? ती ओशाळली. “मनात काही ठेवू नका सर. आधी नागपूरच्या एका पत्रकारांना देणार होते. त्यांची तारीख नव्हती.” तिचा चेहरा इतका स्वच्छ होता की मला राग आला. म्हणजे कुणी कट केला नव्हता. कुणी धागा धरला नव्हता. रामकृष्णजी खरोखरच विसरले होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. एकोणीस वर्षं मी मानत होतो की कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे, कुठेतरी या गोष्टीची नोंद आहे. आणि नोंद कुठेच नव्हती, मी सोडून. मी मेलो की त्या चैत्रातली संध्याकाळ शांततेत पार पडलेली राहणार होती, कायमची. “नोट गेली का?” मी विचारलं. “चारलाच गेली सर,” ती म्हणाली, “तुमचीच पद्धत.”

विमलाबाई स्टेजच्या पायऱ्या एका बाजूनं चढत आली. केस पांढरे, अंगावर धुवट सुती साडी, खांद्याला दुकानातून मिळते तशी कापडी पिशवी. मी तिच्या डोळ्यांत पाहण्याचं टाळलं. तिनं शाल घातली, नारळ दिला, फोटोवाला म्हणाला इकडे बघा, आम्ही बघितलं. मग ती तिथून हलेना. तिनं पिशवीत हात घातला. मला वाटलं, आलं. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं. तिनं प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक पिवळं कात्रण काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. खालच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. “आप ही ने छपवाया था न, भैया?” ती हळू म्हणाली. “उस दिन सुबह काम पे निकला था, घर आया नहीं. इधर वाले बोले कि आया ही नहीं था. पारा-मोहल्ला में लोग बोलने लगे, पी के पड़ा होगा कहीं, सड़क पे मर गया. मेरे लड़के को चिढ़ाते थे. मैंने एक-एक को ये दिखाया. देखो, काम पे था, नाम लिखा है. पेपर झूठ थोड़े लिखेगा.” तिनं हात जोडले. “आपने उसकी इज़्ज़त रख ली. ये बोलना था, इसलिए आई.”

माझ्या आयुष्यात मला असा मार कुणी दिलेला नाही. ती मला शिव्या देती तर मी त्या झेलल्या असत्या, तयारीनं गेलो होतो. निवेदक माझं नाव पुकारत होता. मी माइकसमोर गेलो, शाल खांद्यावर, हातात ते कात्रण, आणि समोर माणसं, पंखे, पहिल्या रांगेत रमा, पदरानं वारा घेत. रामकृष्णजी सोफ्यावर डुलकी घेत होते. ते वाक्य जिभेवर तयारच होतं, चरणों का है. तेवढं बोललो असतो तर सगळं जसं छापायला गेलं होतं तसं खरं झालं असतं. मी कात्रण वाचलं. तारीख वाचली, मथळा वाचला, शेवटची ओळ वाचली. मग म्हणालो, “ये मैंने दोपहर में लिखा था. शाम को कार्यक्रम शांतिपूर्वक नहीं हुआ. धर्मपाल काम पर आया था. वो यहीं गया, इस स्टेज के पीछे, बिजली के खंभे से. उसने पी नहीं थी. हम लोगों ने उसको जीप में डालकर रास्ते का आदमी बना दिया. वो झूठ भी मेरा ही लिखा हुआ है.” आवाज माझाच होता पण कुठून येतो आहे ते कळत नव्हतं. रमाचा पदर हातातच थांबला होता. रामकृष्णजी जागे झाले होते आणि शेजारच्याला विचारत होते की काय म्हणतो आहे. संपदानं फोन वर धरला होता, मग तो हळूच खाली घेतला.

मी वळलो. विमलाबाई अजून तिथेच होती, दोन हातांवर. जोडलेले हात तिनं सोडले होते. ती रडेल, मला मारेल, खाली निघून जाईल, यातलं काहीतरी होईल म्हणून मी उभा राहिलो. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येईना. मी, जो आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवर संशय घेत आलो.

“कितने बजे?” तिनं विचारलं.

“पौने छह.”

“पौने छह,” ती म्हणाली, पाठ करून ठेवल्यासारखं. “मैं सोचती थी रात को गया होगा. अकेला.” मग माझ्याकडे पाहून, “अकेला था क्या?”

“नहीं,” मी म्हणालो. “मैं था.”

तिनं पुढे होऊन माझ्या हातातलं कात्रण काढून घेतलं.